पाहणीचं जेवण

आमच्या थोरल्या जाऊबाई पेपर शेवटच्या पानापासून वाचतात. पहिल्या पानावर सरकार पडू दे नाहीतर उठू दे, त्यांची नजर एकच ओळ शोधते: ‘इच्छुक गटांकडून अनुदानासाठी अर्ज मागविण्यात येत आहेत.’ ती सापडली की चष्मा पुसतात आणि भिंतीपलीकडून मला हाक मारतात, “शोभा, सुटलं गं एक!”

आमच्या झरी गावात त्यांचा महिला गट आहे, तसा माझाही आहे. त्यांचा शेळ्यांचा, माझा शिवणकामाचा. माझे कागद चोख, फोटो रंगीत. तरी मंजुरी त्यांना, आणि मला उत्तर येतं, ‘आपला प्रस्ताव निकषांत बसत नाही.’ पोटात दुखणार नाही तर काय होईल?

वर मलाच शिकवतात, “अर्ज लय भुकेला दिसू नाई, अन् पोट भरलेलाबी दिसू नाई.” आणि पालुपद ठरलेलं, “अर्ज करायला काय जातंय?” त्यांचं काही जात नाही हो. जातं ते माझं.

खरा तमाशा पाहणीच्या दिवशी. अर्जांची छाननी झाली की पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं गावात येऊन काम बघतात. त्या दिवशी जाऊबाई शेळ्यांना शाम्पूनं न्हाऊ घालतात. एकदा एका शेळीला गजरा माळला, तो बोकडानं साहेबांसमोरच खाल्ला. मला वाटलं, आता लागली कात्री. पण साहेब हसत हसत जेवायला बसले. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि गप्पा पार उन्हं उतरेपर्यंत. मी खिडकीतून बघत होते आणि जळत होते. खोटं कशाला बोलू?

यंदा एका संस्थेनं अर्ज मागवले. अट अशी, की गावातून एकच गट घेणार. आम्ही दोघींनी भरले, आणि पाहणीसाठी निवड झाली माझ्या गटाची. पाहणी नीट पार पडली की शिलाई मशिनी आल्याच. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पेढे घेऊन तडक जाऊबाईंकडे गेले. तोंड गोड करायचं होतं हे खरं, पण त्यांचं तोंड बघायचं होतं हे जास्त खरं.

तोंड उतरलंच. पेढा हातात धरून बसून राहिल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली, पोरं पुण्याला असतात.

“कधी येयलेत पाहणीला?”

“सोमवारी.”

“पैसे तुलाच मिळू दे, माझं काई म्हणणं न्हाई. तेवढी माणसं जेवायला माझ्याकडं आण.”

मला वाटलं, झाला डाव सुरू. शेळ्या दाखवून माझं अनुदान पळवणार. “तुमी कशाला तरास घेता?” मी तोडून टाकलं.

“तरास कशाचा? पोरं फोनवर ‘जेवलीस का’ म्हणतात अन् ठेवतात. हे लोक समोर बसून इचारतात, शोभा. मी काय सांगते ते लिहून घेतात.”

मी पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढं ठेवला. “आणते,” मी म्हटलं. “चहालाबी तुमच्याकडंच आणते.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, “त्यात बाईमाणूस असंल का गं? बाया लय इचारतात.”