वाक्यासाठी बोका

मुलांनो, डोळे मिटून कल्पना करा, की तुमच्या घरी रोज संध्याकाळी एक इंग्रजी शब्द येतो आणि तो घडल्याशिवाय कोणाला जेवायला मिळत नाही. (आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?)

भाषा वापरल्याने वाढते, हे सर्वमान्य सत्य आहे. अडचण एवढीच, की माझ्या नातीच्या, छकुलीच्या शाळेने ते मनावर घेतलं. पूर्वी मुलं शब्द, अर्थ आणि वाक्य गाइडातून उतरवत. 'ऑनेस्ट'साठी अख्ख्या वर्गाने एकमेकांचं बघून 'मी प्रामाणिक आहे' असं लिहिलं, तेव्हा बाईंनी नियम काढला: उदाहरणातील घटना घरात प्रत्यक्ष घडलेली असावी व पालकांनी तसे सहीनिशी प्रमाणित करावे.

छकुलीचे बाबा कचेरीत शिक्के मारतात. नियम दिसला की त्यांचा ऊर भरून येतो.

'जनरस' म्हणजे उदार. बाबांनी शेजाऱ्यांना छत्री देऊन टाकली आणि भिजत आले, त्यात 'ड्रेंच्ड'ही उरकला (एका छत्रीत दोन शब्द). 'स्टम्बल' म्हणजे अडखळणे. काका उंबऱ्याला अडखळले. छकुली तेव्हा पेन्सिल शोधत होती, म्हणून पुन्हा अडखळले. 'क्वारल' म्हणजे भांडण. आई आणि आत्याला तयारी लागली नाही; छकुलीचं लिहून झालं तरी वाक्य चालूच होतं. 'पंक्चुअल' म्हणजे वेळेवर येणारा. असा कोणी गल्लीभर सापडेना, म्हणून तो तहकूब आहे. शाळेच्या आकडेवारीनुसार मुलांचे शब्द दुप्पट झाले आणि शेजाऱ्यांचं येणंजाणं निम्म्यावर आलं. सरासरी समाधानकारक आहे.

मग आला 'अबँडन'. व्याख्या: जीव लावलेली गोष्ट कायमची टाकून देणे. (कचरा चालत नाही. काकांनी विचारून पाहिलं.)

बाबांची नजर घरभर फिरून खुर्चीवर झोपलेल्या बोकोबावर थांबली. हा छकुलीचा बोका.

"बाबा, दुसरं काहीतरी टाका ना!"

"दुसरं काय? नोकरी टाकू?"

"मलाच टाकून या," आत्या म्हणाली. "नाहीतरी जड झालेय मी तुम्हाला."

बाबांनी यावर जरा जास्तच वेळ विचार केला.

"हट्ट टाका की तुमचा," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "आम्ही कधीपासून जीव लावून सांभाळतोय."

"प्रमाणित करता येईल असं हवं," बाबा म्हणाले. "छकुले, त्याला पिशवीत घाल. मी बूट चढवतो."

छकुली रडली नाही. तिने व्याख्या पुन्हा वाचली, पिशवी आत नेली आणि तोंड बांधून आणून दिली.

"भलताच जड झालाय गं हा," बाबा म्हणाले आणि गेले. पुलापलीकडे पिशवी ठेवून ते मागे वळूनही न बघता परतले. शब्दाला बाध येईल असं त्यांनी काही केलं नाही.

घरी बोकोबा त्यांच्याच खुर्चीवर बसून पंजा चाटत होता. छकुलीचं वाक्य तयार होतं: 'माझ्या बाबांनी त्यांचं सर्वांत लाडकं पुस्तक टाकून दिलं.' कपाटात 'शब्द वाढवा, माणूस व्हा' या जाडजूड ग्रंथाची जागा रिकामी होती.

बाबा धावत पुलाकडे निघाले.

"आता ते परत आणलंत, तर वाक्य खोटं होईल," छकुली म्हणाली.

बाबा उंबऱ्यात थबकले. नियम तो नियम. त्यांनी सही केली. बाईंनी शेरा दिला, 'उत्तम.'

बोकोबा वाचला म्हणून तुम्हालाही हायसं वाटलं असेल. पुलापलीकडे भिजणाऱ्या ग्रंथाची चौकशी एकानेही केली नाही, याची नोंद घेतली आहे.

आजचा शब्द आहे 'गलिबल': सांगाल ते खरं मानणारा. घरात असं कोणी उरलेलं नाही. बाबासुद्धा हल्ली पिशवी उघडून बघतात. छकुलीने ही गोष्ट इथपर्यंत वाचली आणि विचारलं, "आजोबा, हे सगळं खरं मानून कोणी शेवटपर्यंत वाचेल?"

"वाचतंय की," मी म्हणालो.

छकुलीने पेन्सिलीला टोक काढलं, वाक्य लिहिलं आणि सुरुवातीला तुमच्या नावापुरती जागा मोकळी सोडली.