काकू गाडीतच राहिल्या

"मी सगळ्यात शेवटी जाईन," असं काकूंनी सकाळपासून इतक्यांदा सांगितलं होतं, की तपासणीच्या गाडीतल्या नर्सबाईंनी आता मान हलवणंही सोडलं होतं.

डोंगरावरच्या त्या वस्तीत अशी गाडी पहिल्यांदाच आली होती. बायकांच्या छातीची तपासणी, कॅन्सर असलाच तर वेळेत कळावा म्हणून. आणि एकेकीला हाताला धरून घराबाहेर काढलं होतं ते काकूंनीच. "मेल्यावर लाजायला भरपूर वेळ आहे, आधी चल!" फक्त स्वतःची पाळी आली, की त्यांना घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं.

कारण काकूंच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती. हे फक्त पुतणीला माहीत होतं.

"काकू, आज तू गेली नाहीस ना, तर मी काकांना सांगणार."

"सांग की. माझ्याआधी तेच अंथरूण धरतील."

"काकू!"

"बरं बाई, जाते!"

आणि खरंच गेल्या. गाडीत कपडे बदलायची खोली होती. खोली कसली, उभं कपाटच ते! आतून कडी लावली, निळा गाऊन चढवला आणि तिथेच धीर सुटला. गाठ वाईट निघाली तर? काकू हूं की चूं न करता स्टुलावर बसून राहिल्या. नर्सबाईंनी हाक मारली. "पळाल्या वाटतं पुन्हा," म्हणत त्यांनी मागचं दार लावलं आणि गाडीतल्या डॉक्टरांसोबत पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. धुकं पडायच्या आत खालची वस्ती गाठायची होती.

गाडी हलली तशा काकू कडी काढून खोलीबाहेर आल्या आणि किंचाळल्या. पण ड्रायव्हरने गाणी लावली होती, आणि वर तो स्वतःही गात होता. एका वळणाला काकू या भिंतीवर, पुढच्या वळणाला त्या भिंतीवर. कपड्यांची पिशवी अंधारात कुठे गडप झाली, देव जाणे.

खालच्या वस्तीत बायका जमल्या होत्या खऱ्या, पण गाडीपासून चांगल्या लांब. डॉक्टर अगदीच तरुण. त्या गोड आवाजात "या ना आजी," म्हणाल्या, तर एक म्हातारी म्हणाली, "पोरी, तुझी आई कुठाय?"

तेवढ्यात नर्सबाईंनी मागचं दार उघडलं आणि त्या जागीच ओरडल्या. निळा गाऊन, विस्कटलेले केस, डोळ्यांत अंगार. काकू खाली उतरल्या.

"आल्या गं, मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या!" गर्दीत कुजबुज झाली.

काकू खरं सांगणारच होत्या. पण इतक्या बायका आपल्याकडे बघतायत आणि आपण गप्प बसायचं, हे त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

"दुखतं का हो बाई?" एकीने विचारलं.

"छे! दारात बोट चेमटतं ना, तेवढंच."

"आणि गाठ निघाली तर?"

"घरी बसून काय ती विरघळणार आहे?" काकू ठसक्यात म्हणाल्या, आणि आपलंच बोलणं ऐकून त्यांचा हात डाव्या बाजूला गेला.

म्हातारीने काठी आपटली. "बोलायला काय जातंय! आधी तू जा आत. धडधाकट बाहेर आलीस तर आम्ही येतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे म्हातारी, मागे नर्सबाई. पळायला वाटच नव्हती.

आत डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होत्या आणि काकू डॉक्टरांच्या भुवयांकडे.

"पाण्याची गाठ आहे. साधी. घाबरायचं काही नाही."

"परत बघा."

"नक्की साधी आहे."

"अजून एकदा."

डॉक्टरांनी अजून एकदा बघितलं. मग काकूंनी असा काही हंबरडा फोडला, की बाहेरच्या बायका घरी निघाल्या. शेवटी काकूंनाच डोळे पुसत बाहेर पळावं लागलं. "अगं थांबा! आनंदाने रडले मी! या, या!"

इकडे वरच्या वस्तीत पुतणीने शोधून शोधून अखेर तपासणीच्या पोस्टरवरच्या नंबरावर फोन लावला. नर्सबाईंनी तो काकूंच्या हातात दिला.

"काकू! कुठे आहेस तू? काका विहिरीत डोकावून हाका मारतायत!"

"पाण्याची निघाली गं. साधी आहे."

पलीकडून बराच वेळ नुसतंच नाक ओढल्याचा आवाज आला. "मग... मग घरी ये ना आता."

"आत्ता? आणि ही रांग कोण बघणार? अहो नर्सबाई, त्या आजींना आधी घ्या! आणि काकांना म्हणावं, विहीर सोडा नि कुकर लावा. माझी ओपीडी सुटायला वेळ आहे."