पाटलांचा कान

आमच्या गल्लीत रोज सकाळी साडेसातला एका बोक्याचा पंचनामा होतो. पंच दोघं. एक मी, शाळामास्तर, आणि दुसरे शेजारचे गादीवाले रफीकभाई. पंचनामा करणारे मारोतराव. हे कळमनुरी तालुक्यात बत्तीस वर्षं तलाठी होते. निवृत्त झाल्यावर हिंगोलीला आमच्या समोरच्या घरात राहायला आले, पण तलाठीपणा काही निवृत्त झाला नाही.

बोक्याचं नाव पाटील. नोकरीत मारोतराव ज्या ज्या गावात गेले तिथं एक तरी पाटील भेटला आणि त्यानं त्यांना घाम फोडला. "बत्तीस वर्षांत एकाबी पाटलाचा कान धरायची हिंमत झाली न्हाई," असं ते सांगतात. आता रोज धरतात. पण धरतानाही अदब सोडत नाहीत. "पाटील, कान द्या," असं म्हणतात आणि थोडं थांबतात. पाटील कधी देत नाहीत.

याची सुरुवात गेल्या उन्हाळ्यात झाली. पाटील रांजणाखालच्या परातीत तोंड घालून दिवसभर पाणी पिऊ लागले. खायचे दुप्पट आणि दिसायचे पिशवीत हाडं भरल्यासारखे. मारोतरावांनी त्यांना भाजीच्या पिशवीत घातलं, वर दोरी बांधली आणि गुरांच्या दवाखान्यात नेलं. सोबत मी. पुढं एक म्हैस, मागं चार शेळ्या, मधी आम्ही. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "काका, बोक्याला शुगर आहे."

मारोतरावांनी जरा विचार केला. "वारसानं आली का नवीन नोंद हाय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हशीकडं पाहिलं.

मग डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. इन्सुलिनची सुई दिवसातून दोनदा. रोज सकाळी खाण्याआधी घरीच मशीनवर शुगर बघायची. कोमट फडक्यानं कान शेकायचा, कडेला बारीक टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा. आकडा फार खाली आला तर सुई द्यायची नाही, आधी हिरड्यांना साखरपाणी लावायचं. मारोतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "गुरुजी, एकट्यानं बघितलेल्या आकड्यावर कोन भरोसा ठेवल? दोन पंच लागतेत. कागद बोलतो, मानूस पलटतो."

पहिल्या दिवशीचा पंचनामा मला अजून पाठ आहे. 'सदर बोका भुऱ्या रंगाचा असून त्याचा डावा कान जुन्या वादात कुरतडला गेला आहे. चतुःसीमा: पूर्वेस उंबरा, पश्चिमेस दुधाची वाटी, दक्षिणेस रफीक, उत्तरेस गुरुजी. सदर बोक्याने पंचांसमक्ष पंच क्रमांक दोन यांस ओरबाडले.' रफीकभाईंनी आधी सही केली, मग हात धुतला. मारोतरावांना तोच क्रम बराबर वाटला.

पुढं रफीकभाई तरबेज झाले. खोळीत कापूस कोंबावा तसे ते पाटलांना टॉवेलात कोंबायचे आणि फक्त कान बाहेर ठेवायचे. मी मागचे पाय धरायचो. काम झालं की चहा. तो बिनसाखरेचा. "ज्या घरात पेशंट हाय तिथं साखर काहून ठिवायची?" असं मारोतरावांचं म्हणणं. पाटील चहा पीत नाहीत हे मी एकदा सांगून पाहिलं. "गुरुजी, नेम म्हंजे नेम," ते म्हणाले.

दिवाळीनंतरची एक सकाळ. आदल्या संध्याकाळी सुई घेऊन पाटील न जेवताच उंडारायला गेले होते. आम्ही गेलो तेव्हा ते मोरीपाशी आडवे पडलेले. पाय लटपटत होते, डोळे उघडे, हाक मारली तर मान वळेना. टॉवेल लागलाच नाही. आकडा आला एकेचाळीस.

"साखर आणा," मी म्हणालो.

मारोतराव उठून फळीवरचे डबे उघडू लागले. मीठ. हळद. पोहे. पुन्हा मीठ. मग डबा हातात धरून ते तसेच उभे राहिले. घरात साखरेचा दाणा नव्हता. रफीकभाई तोवर अनवाणी पळाले होते. वाटीत साखरपाणी घेऊन आले तेव्हा निम्मं शर्टावर सांडलं होतं. मी बोटानं पाटलांच्या हिरड्यांना लावत राहिलो. मारोतराव खाली बसले, दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी पाटलांची शेपटी धरली. "पाटील, असं करू नका," ते हळू आवाजात म्हणत होते. "तुमी तरी जाऊ नका."

अर्ध्या तासानं पाटलांनी माझं बोट चावलं. चावल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी येऊन तपासलं आणि डोस कमी केला. मारोतरावांनी वही उघडली, पेन धरलं आणि परत खाली ठेवलं. "आज लिवणं व्हत न्हाई," म्हणाले. ते पान अजून कोरंच आहे. दुसऱ्या दिवशीपासून चहात साखर आली.

मार्चमध्ये मला चार दिवस प्रशिक्षणासाठी वसमतला जावं लागलं. नेमके त्याच वेळी रफीकभाई लेकीकडं नांदेडला गेलेले. पाटलांना कोण धरणार, या काळजीनं मी मारोतरावांना विचारलं. "पंचनामा तहकूब ठिवू," ते म्हणाले. "तुमी या जाऊन."

प्रशिक्षण एक दिवस आधीच आटोपलं. घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी अंगणात दात घासताना समोर नजर गेली. मारोतराव पायरीवर बसले होते, पाटील त्यांच्या मांडीवर. टॉवेल नाही, काही नाही. मारोतरावांनी कान चोळला, टोचलं, पट्टी लावली, आकडा बघितला. पाटलांपुढं वाटी ठेवली. ते खात असताना मानेपाशी सुई दिली. पाटलांनी वाटीतून तोंडसुद्धा काढलं नाही. सगळं चार-पाच मिनिटांत उरकलं. नंतर मारोतराव कितीतरी वेळ तसेच रस्त्याकडं बघत बसून राहिले.

मी गुपचूप आत गेलो.

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला, रविवारी फोन करतो. हे मला ठाऊक होतंच.

रफीकभाई परतल्यावर मी त्यांना पाहिलेलं सांगितलं. ते गादीला टाके घालत होते. "गुरुजी," ते मान वर न करता म्हणाले, "शाम की सुई के वक्त पाटील को कौन पकडता, कभी सोचे?"

मी खरंच कधी विचार केला नव्हता.

"मेरेकू पहिल्या म्हैन्यातच समजलं. मंग काय झालं? सकाळचा चहा तर प्यायचाच हाय ना."

दुसऱ्या दिवशी साडेसातला समोरून हाक आली. "गुरुजी, चला. दोन मानसांबिगर पाटील ऐकत न्हाईत."

आम्ही गेलो. पाटील कोवळ्या उन्हात पाय पसरून झोपले होते. रफीकभाईंनी त्यांना टॉवेलात गुंडाळलं. मी मागचे पाय धरले.

"घट्ट धरा," मारोतराव म्हणाले.

झोपलेल्या बोक्याला आम्ही दोघांनी घट्ट धरलं.