सीतालक्ष्मीबाईंचा अंगठा

सीतालक्ष्मीबाईंच्या हातच्या पुरणाशिवाय घराण्यातलं लग्न पुरतं लागत नाही, असं कुंभकोणम्‌च्या सगळ्या मराठी घरांचं मत होतं. निदान बाई तरी तसं सांगत. आता नात वत्सलाचं लग्न आठवड्यावर आलं आणि नारळ खवताना बाईंच्या उजव्या अंगठ्यात खवणीचा दात गेला. अंगठ्यात पू झाला.

धाकटी जाऊ अंबुजा फार मायेने म्हणाली, "अक्का, तुम्ही बसून सांगा. पुरण मी करते." या घरात आल्यापासून ती हे वाक्य तोंडात धरून बसली होती.

भाचा वैद्यनाथ नुकताच मद्रासेहून डॉक्टर होऊन आलेला. त्याने मलमाची नळी दिली, आणि समजावूनही सांगितलं, तिथे चुकला. मातीत एक जंतू असतो, तो स्वतःच्या बचावाला प्रोटीनचे बारके तुकडे बनवतो, ते पू करणाऱ्या जंतूंची साल फाडतात. त्या तुकड्यांचं हे मलम.

बाईंनी त्यातली माती तेवढी उचलली. मातीचंच औषध, तर परमुलखातली, कुणीकुणी तुडवलेली माती सोवळ्यात कशाला? गावात महामहम् तळं आहे. दर बारा वर्षांनी गंगेसकट नऊ नद्या तिथे उतरतात. तिथला जंतू काय हलक्या कुळातला असेल?

नळी कोनाड्यात गेली, तळ्याचा चिखल अंगठ्यावर बसला. शेजारच्या अलमेलूला बाईंनी हे शास्त्र तमिळमधून शिकवलं. दोन दिवसांत वैद्यनाथच्या दारात चिखल थापलेली गळवं रांगेने उभी राहिली. तो तडक आत्याकडे आला. अंगठ्याचं वांगं झालं होतं.

"आत्या, त्या मातीत कामाचा जंतू एखादा. बाकीचे लाखो तसले नाहीत."

"मग त्याचं गोत्र सांगायचं होतंस."

वैद्यनाथने चीर दिली, कोनाड्यातलं मलम लावलं, मनगटापर्यंत पट्टी बांधली आणि हात वर धरून बसायला बजावलं.

लग्नात बाई मांडवात हात उचलून बसल्या. तिरुविसनल्लूरहून आलेल्या नवऱ्यामुलाच्या वऱ्हाडाला वाटलं, आजी आशीर्वाद देताहेत. एकामागून एक सगळे पाया पडून गेले. बाईंनी कुणाचा गैरसमज काढला नाही.

मग पानं मांडली. उजवा हात बांधलेला, डाव्याने जेवायची सोय नाही. अंबुजा आपल्या हातची पुरणपोळी घेऊन समोर बसली आणि तिने पहिला घास भरवला.

"कसं झालंय, अक्का?"

आजूबाजूच्या बायका जेवायच्या थांबल्या. बाईंनी घास सावकाश गिळला. पुरण उत्तम झालं होतं.

"वेलची कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या घासाला तोंड उघडलं.