कौशल्याच्या फाटकातली घंटी

गिरजा रांगायला लागली आणि त्याच आठवड्यात कौशल्याच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्या अडकल्या. दोन्हींपैकी एकच झालं असतं, तर कौशल्याने निभावून नेलं असतं.

साल १८६४. तिकडे अमेरिकेत कोण कोणाशी भांडतंय हे अमरावतीत कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. पण त्या भांडणापायी विलायतेतल्या गिरण्या उपाशी बसल्या होत्या आणि वऱ्हाडातला कापूस सोन्यासारखा झाला होता. ज्याच्याकडे दोन बैल, तो गाडी भरून अमरावतीच्या बाजाराकडे निघाला होता. बाजाराकडे जाणारा बोळ मात्र होता तेवढाच राहिला होता: एक गाडी जाईल, आणि शेजारून एखादा बारीक माणूस. आत जाणाऱ्या भरल्या गाड्या आणि परतणाऱ्या रिकाम्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या, त्याला आज तिसरा दिवस. मागे सरायला कोणी तयार नव्हतं, आणि तयार झाला असता तरी त्याच्या मागचा सरला नसता.

रिकाम्या गाड्यांमधली तिसरी गाडी खुद्द कौशल्याच्या नवऱ्याची, चंद्रभानची होती. घरी निघालेला माणूस घरापासून वीस पावलांवर तीन दिवस बसून होता, कारण गर्दीत बैल सोडून जायची कोणाचीच छाती नव्हती. त्याची भाकर गाड्यांवरून हातोहात जायची, आणि पोचेपर्यंत सोबतची मिरची कोणीतरी लांबवलेली असायची.

"गिरजाकडे ध्यान ठेव वं!" तो तिकडून ओरडायचा.

"मंग दुसरं काय करून राह्यली मी?" ती इकडून.

खरंच ती दुसरं काही करत नव्हती. विहीर, चूल, कोयता, बैलाचा पाय, गाडीचं चाक, हे सगळं दिवसभर तिच्या डोळ्यांपुढे फिरत असे. त्यातलं चाक गिरजाला विशेष आवडायचं. भाकर उलटायला कौशल्याने मान वळवली की पोरगी फाटकापाशी.

"खाटेले बांधून ठेव तिले," सासू मनकर्णाबाई म्हणाल्या. "चंद्रभानले मी तसाच वाढवला."

"तरीच तीन दिवस झाले, जागचे हालले नाईत," कौशल्या चुलीकडे तोंड करून पुटपुटली.

तेवढ्यात तिला गोठ्यातली पितळेची घंटी दिसली. लांबच्या वाटेला गाड्यांची रांग निघाली की पहिल्या गाडीच्या बैलाला अशी घंटी बांधत. मागचे बैल त्या आवाजामागे आपोआप चालत आणि गाडीवान खुशाल झोपत. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कौशल्यालाही होतं; पण त्या घडीला ती फक्त आई होती. तिने घंटी गिरजाच्या करदोड्याला बांधली.

"आता जाय कोठी जातं तं."

दुपारपर्यंत युक्ती उत्तम चालली. आवाज चुलीकडे गेला, कौशल्या उठली. विहिरीकडे गेला, कौशल्या धावली. दुपारी गाडीवान कापसावर आडवे झाले. वाट कधी मोकळी होईल याचा नेम नव्हता, म्हणून बैल जुंपलेलेच होते. गिरजा फाटकापर्यंत गेली, बैलांकडे पाहून हसली आणि वळून घराकडे रांगू लागली. खुळ्ळ, खुळ्ळ, खुळ्ळ.

भरल्या गाड्यांमधल्या पहिल्या जोडीने कान टवकारले. तीन दिवसांनी कोणीतरी समजेल असं बोललं होतं. जोडी वळून फाटकातून आत आली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिसरी.

चाकांची करकर ऐकून कौशल्या बाहेर आली, किंचाळली, पोरीला उचललं आणि पळत सुटली. पळताना घंटी अशी वाजली की बैलांनाही चाल वाढवावी लागली. ती विहिरीला वळसा घालून गेली, गाड्याही गेल्या. तिने दुसरा वळसा घातला, त्यांनीही घातला.

पहिल्या गाडीतला कुर्बान अकोल्याहून आला होता. तो उठून बसला, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाला, "या अल्ला! बाजार इतका लहान कधी झाला?"

"घंटी धर, बह्याडे! मुठीत धर!" मनकर्णाबाई खाटेवर उभ्या राहून ओरडल्या.

कौशल्याने घंटी मुठीत आवळली. बैल थांबले. विहिरीभोवती अकरा गाड्यांची माळ झाली होती.

आणि बाहेरचा बोळ मोकळा होता! रिकाम्या गाड्या धडाधड सुटल्या. चंद्रभान स्वतःच्या फाटकावरून जाताना दिसला.

"अवं, मी चाललो!"

"कोठी?"

"मले काय मालूम! मांगचे ढकलून राह्यले!"

तो बडनेऱ्याच्या वाटेवरून थेट संध्याकाळी परत आला.

बाजाराचे चौधरी नत्थुजी काठी घेऊन धावत आले. तीन दिवसांत त्यांनी काठी, शिव्या आणि नारळ, सगळे उपाय करून पाहिले होते. "कोनं केलं हे?"

"चुकून झालं, बुवा," कौशल्या म्हणाली. "मी पोरीमांगं पळत होती."

नत्थुजींनी मोकळ्या बोळाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, घंटीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली: घंटी एकच. ती ज्या रांगेच्या पहिल्या बैलाच्या गळ्यात, तीच रांग चालेल. दुसरी उभी राहील. मग घंटी दुसरीकडे. चार दिवसांत बाजाराची वाट वाहती झाली. पुढे अकोल्याची माणसं येऊन पाहून गेली आणि तिकडेही घंटी लागली. नत्थुजी सांगू लागले, "लय इचार केला, तवा सुचलं."

कौशल्याची झोप मात्र उडाली. गाड्या अडकल्या होत्या तेव्हा निदान चाकं उभी होती. आता ती दिवसभर फाटकावरून धडधडत जात होती, आणि गिरजा आता रांगत नव्हती, पळत रांगत होती. वर तिची घंटीही चौधरींनी बैलासाठी नेली होती.

पाचव्या दिवशी तिने पहिल्या बैलाच्या गळ्यातली घंटी सोडून घेतली आणि फाटकात उभी राहिली.

"घंटी आमच्या गोठ्यातली हाय. राहीन तं माह्याच हाती. पोरगी माह्या कडेवर आली का देईन. तोवर चाक हालनार नाई."

"असं कुठं असते का, बाई?" नत्थुजी म्हणाले.

"मंग दुसरी घंटी आना."

"दोन घंट्या झाल्या तं पुन्हा नाकाले नाक!" मागून कुर्बान म्हणाला. "राहू द्या बाईपाशीच."

तेव्हापासून दर फेरीला गाडीवान आधी हाक मारत, "पोरगी कडेवर हाय का?" आतून "हाय!" आलं की वऱ्हाडचा कापूस पुढे सरके.

एका सकाळी मुंबईच्या कुठल्याशा पेढीचा माणूस घोड्यावरून आला. पाहतो तो चाळीस गाड्या गप्प उभ्या.

"हा काय प्रकार आहे, चौधरी? बंदरात जहाज खोळंबलंय! विलायतेच्या गिरण्या बंद पडायची वेळ आली!"

"हळू बोला, साहेब," नत्थुजी म्हणाले. "पोरगी जेवून राह्यली. दोनच घास उरले."

साहेब मुकाट्याने घोड्यावरून उतरले.

आतून कौशल्याचा आवाज आला, "थुकला वं बाई! आता तीन!"