बुटुकरावांचे वडील

सभागृहाच्या दारात पहारेकऱ्यानं गायकाला अडवलं, तेव्हा कार्यक्रमाला जेमतेम वीस मिनिटं उरली होती.

"इथून फक्त कलाकार."

"अहो, मीच कलाकार!"

पहारेकऱ्यानं फलकाकडे बोट दाखवलं. फलकावर पुढचे दोन दात पडलेला सात वर्षांचा गुबगुबीत पोरगा हसत होता. खाली लिहिलं होतं, 'आपला लाडका बुटुकराव : गाणी आणि गप्पा.'

फोटो गायकाचाच होता. फक्त तेहतीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा टीव्हीवरच्या एका मालिकेत त्यानं बुटुकराव रंगवला होता. त्या मालिकेनं त्याला घराघरांत पोचवलं आणि तिथेच ठेवून दिलं. पुढे अभिनय म्हणून त्याच्या वाट्याला आलं एका मालिकेतलं प्रेत आणि दुसरीतला प्रेताचा मेहुणा. मग त्यानं अभिनयाला रामराम ठोकला आणि पंधरा वर्षं घासून गळा तयार केला. पण वाहिनी ती जुनी मालिका रोज दुपारी पुन्हा दाखवायची. लोकांच्या लेखी बुटुकराव अजून दुधाच्या दातांतच होता.

गायक हुज्जत घालणार, तोच बायको पुढे झाली. "अहो, हे त्याचे वडील. सोडा लवकर."

"मग आधीच नाही का सांगायचं?" पहारेकऱ्यानं सलाम ठोकला.

"वडील?" आत शिरताच गायक फणफणला.

"आधी आत तर आलो ना! आता सांगू खरं."

पण खरं सांगायला उसंत कुठली? पहारेकऱ्यानं वर्दी दिली होती. चिटणीस धावत आले आणि त्यांनी गायकाचे दोन्ही हात धरले. "धन्य आहात तुम्ही! काय गुणी पोर वाढवलंत! कुठाय तो?"

"अहो, तो मी..."

"तुम्ही संकोची दिसता. चला, चला!"

मंचावर ध्वनिक्षेपक कमरेइतका खाली आणलेला होता. बाजूला बुटकी खुर्ची आणि पेलाभर दूध. टाळ्यांच्या कडकडाटात चिटणीसांनी 'आदर्श पालक' म्हणून गायकाच्या हाती पुष्पगुच्छ दिला.

"बुटुकराव! बुटुकराव!" सभागृह ओरडू लागलं.

गायक कमरेत वाकला. "मंडळी, बुटुकराव मीच आहे."

हशा पिकला. "बापही विनोदी आहे हं!" पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या.

नाइलाजानं त्यानं मालिकेतलं ते प्रसिद्ध वाक्य म्हटलं, "मी नाही, मांजरीनं सांडलं!" पण आता त्याचा आवाज असा भरदार, की मांजरीवर खटला भरल्यासारखं वाटलं.

"नाही जमलं," आजींनी निकाल दिला. "लेकराची सर नाही."

गायकाचं डोकं सणकलं. त्यानं ध्वनिक्षेपक खसकन वर ओढला, पेटीवाल्याला पट्टी सांगितली आणि डोळे मिटून गायला लागला. रागाच्या भरात आवाज असा लागला, की दुसऱ्या कडव्याला खोकणाऱ्यांनी खोकला गिळला. एकामागून एक सहा गाणी झाली. बुटुकरावाची आठवण कुणालाच राहिली नाही.

शेवटी चिटणीस डोळे पुसत आले. "गाणं घराण्यातच आहे म्हणायचं! पुढच्या वर्षीही तुम्हीच या. मुलाला नाही आणलंत तरी चालेल."

बायकोनं तोंड उघडलं. गायकानं हळूच तिचा हात दाबला.

"नाहीच आणणार," तो म्हणाला. "कार्टं फार डोक्यावर बसलंय."