हिंदुस्थानचा पेपर

बापूमास्तर देशांना वर्तणुकीचे गुण देत. त्यासाठी शाळेतल्यासारखी आखलेली एक वही त्यांच्याकडे होती. डाव्या बाजूला देशांची नावं आणि पुढे तीन रकाने: शब्द पाळणे, दुबळ्याशी नीट वागणे, न विचारता दुसऱ्याच्या घरात न शिरणे. नगरहून मोटारीने वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन तिसगावात येई. ते शाळेच्या ओट्यावर मोठ्याने वाचून झालं की मास्तर दौत उघडत. बाजाराला आलेली माणसंही तेवढ्यासाठी थांबत.

इंग्लंडला शब्द पाळण्यात दहापैकी दोन. जर्मनीचं नाव पटावरूनच कमी केलेलं. स्वित्झर्लंडपुढे शेरा होता: 'भांडत नाही, पण भांडण सोडवायलाही उठत नाही.' अमेरिकेपुढे 'हुशार' असं लिहिलेलं होतं. जपानवर तो बाँब पडला, तेव्हा मास्तरांनी अमेरिकेचं पान खळीने चिकटवून टाकलं.

किसन तेली त्यांना डिवचायचा. "मास्तर, राजकारणात आसं चालायचंच की वो!"

"चालतं म्हणून पास करू? तुझी म्हैस रोज शेजारच्या कडब्यात तोंड घालते, तेही चालतंच."

"पर म्हशीला कुटं समजतंय?"

"म्हणून तर तिला मी गुण देत नाही."

'घरात शोभत नाही ते जगात कसं शोभेल?' हे त्यांचं पालुपद.

मी त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली मास्तर होतो. त्यांची एकुलती एक, आईवेगळी मुलगी यमू त्यांच्याच वर्गात शिके. परीक्षेला मात्र तिचे पेपर माझ्याकडे येत. "बाप परीक्षक नसतो," मास्तर म्हणत. एकदा माझ्या हातून तिला गणितात एक गुण जास्त पडला. मास्तर भर उन्हात छत्री घेऊन माझ्या घरी आले, उभ्याउभ्याच तो गुण कापायला लावला आणि पाणीही न घेता परत गेले.

पुढे यमूला मोगलाईत दिली, म्हणजे निजामाच्या राज्यात. आमच्या शिवेपासून बैलगाडीची एक दिवसाची वाट. स्वातंत्र्य आलं ते शिवेच्या अलीकडे. पलीकडे लुटालूट सुरू झाली. माणसं गाठोडी घेऊन इकडे येऊ लागली. उन्हाळ्यापासून यमूचं पत्र नव्हतं. मास्तर रोज पोस्टात जात. कोणी विचारलं तर म्हणत, "तिकिटं आणायला."

भाद्रपदात आपल्या फौजा मोगलाईत शिरल्याची बातमी आली. किसनने ओट्यावर गूळ वाटला. "मास्तर, आज हिंदुस्थानला धापैकी धा!"

मागून कोणीतरी म्हणालं, "अन् तिसऱ्या रकान्यात काय लिव्हनार? बाकीच्यांस्नी तर समद्यांना नापास केलंया!"

लोक हसले. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि सुकेपर्यंत तसाच हातात धरून ठेवला. मग दौतीला बूच लावून ते उठले.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. वही पुढे ठेवली.

"हिंदुस्थानचा पेपर तुम्ही तपासा."

"मी? का?"

"यमू त्यात बसलीय."

मग बराच वेळ ते कंदिलाची काच उपरण्याने पुसत राहिले. काच माझी होती आणि स्वच्छच होती.

"न विचारता शिरू नये, हे म्हणणारा मीच. आणि सकाळपासून मनात एकच चाललंय, लवकर शिरा रे बाबांनो. असा परीक्षक चालत नाही."

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाणी मागून घेतलं.

पंधरा दिवसांनी यमू आली. कडेवर पोर, सोबत दुसरं काही नाही. मास्तरांनी "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

या आषाढात मास्तर गेले. वही माझ्याकडेच राहिली. परवा काढून पाहिली. हिंदुस्थानपुढचे तिन्ही रकाने अजून कोरे आहेत. मास्तर होते तोवर मी टाळत राहिलो, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. मला वाटतं, मी का टाळतोय ते त्यांना ठाऊक होतं. चार वर्षं यमूचे पेपर मीच तपासले होते. गणितातला तो एक गुण काही चुकून पडला नव्हता.